टोपी, फेटा आणि टक्कल

नांदेड-लातूरकडच्या शाळांमध्ये विज्ञानावर बोलायला गेले, की प्रश्नोत्तरांच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: टोपी घातल्याने केस गळतात का? विचारणारा बहुधा नववी-दहावीतला मुलगा असतो आणि त्याच्या प्रश्नामागे घरातल्या कोणाचे तरी वाक्य असते, "सारखी टोपी घालू नगं, टक्कल पडंल." अलीकडे टोपीच्या जोडीला हेल्मेट आले आहे. मुलांसमोर न विचारता मधल्या सुट्टीत हळूच विचारणारे शिक्षकही आम्हाला पुष्कळ भेटतात.

प्रश्न वरवर गमतीचा वाटतो, पण तो हसून सोडून देण्यासारखा नाही. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडला पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. बालाघाटच्या पठारावरचे लातूर थोडे सुसह्य एवढेच. अशा उन्हात केसांच्या भीतीने उघड्या डोक्याने फिरणारी मुले आहेत, आणि हेल्मेट डोक्याऐवजी गाडीच्या आरशाला अडकवून रस्त्याने जाणारे तरुण तर रोज दिसतात. म्हणून या समजुतीचे धागेदोरे नीट उलगडून पाहणे आवश्यक आहे. शिवाय तिचे उत्तर "छे, सगळे थोतांड" असे एका शब्दात देता येत नाही. तिच्यात एका ठिकाणी सत्याचा अंश आहे, आणि तो नांदेडच्या शिक्षकांना तरी माहीत असायलाच हवा.

आधी केसाकडे पाहू. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. तो केराटिन या प्रथिनाचा धागा आहे. जिवंत भाग त्वचेखाली साधारण ३ ते ५ मिलिमीटर खोल असतो. त्याला केशमूल म्हणू. तेथे पेशींचे विभाजन सतत चालू असते आणि नव्या पेशी जुन्यांना वर ढकलत राहतात. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो तो असा. या कामासाठी लागणारे अन्न आणि ऑक्सिजन केशमुळाला खालून, रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून मिळतात.

"टोपीमुळे केसांना हवा लागत नाही, ते गुदमरतात" हे लोकप्रिय स्पष्टीकरण येथेच निकालात निघते. त्वचेचा अगदी वरचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीचा थर बाहेरच्या हवेतून थोडा ऑक्सिजन घेऊ शकतो, हे खरे आहे. पण केशमूल त्याच्या कितीतरी खाली असते. आणि टोपी म्हणजे काही हवाबंद डबा नव्हे. खादीच्या विणीतून हवा सहज ये-जा करते.

प्रत्येक केशमूल काही काळ काम करते, मग विश्रांती घेते. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची उतरती अवस्था आणि मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांतीच्या अखेरीस जुना केस गळून पडतो आणि त्याच मुळातून नवा केस उगवू लागतो. आता एक सोपे गणित वर्गात घालता येईल. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. त्यांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे १० हजार, कोणत्याही दिवशी विश्रांती अवस्थेत असतात. ही अवस्था सुमारे १०० दिवसांची धरली तर रोज किती केस गळतील? १० हजार भागिले १००, म्हणजे १००. त्वचारोगतज्ज्ञ सांगतात तो आकडाही हाच: रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे.

हे गणित कळले की टोपीवरच्या आरोपाचे एक मूळ सापडते. उघड्या डोक्याचे गळालेले केस शेतात, रस्त्यावर, उशीवर, वाऱ्यावर जातात. त्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही. टोपी मात्र ते गोळा करते. संध्याकाळी टोपी उलटी केली की आत दहा-वीस केस दिसतात आणि माणूस घाबरतो. चाळणीत खडे सापडले म्हणून चाळणीनेच ते तयार केले असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आरोप दाबाचा. टोपीने रक्तपुरवठा आवळला जातो, असे अनेक सुशिक्षित माणसेही सांगतात. ही कल्पना आपल्याकडचीच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, पुरुष घट्ट कडक हॅट घालत त्या काळात, अमेरिकेतील काही डॉक्टरही असेच सांगत. आपण हिशोब करू. त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबून बंद करण्यासाठी साधारण पाऱ्याच्या ३० मिलिमीटर उंचीइतका दाब लागतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० ग्रॅम. आता खादीची टोपी समजा ५० ग्रॅमची आहे आणि ती डोक्याच्या २५० चौरस सेंटिमीटरवर टेकली आहे. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ग्रॅम. फेट्याचे वजन अर्धा किलो धरले तर २ ग्रॅम. दीड किलोचे जड हेल्मेट घेतले तरी ६ ग्रॅम. चाळिसाच्या जवळपास यांतले काहीच जात नाही.

काठाचा आवळ वेगळा, असे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. इलॅस्टिकची टोपी किंवा लहान मापाचे हेल्मेट कपाळावर वळ उठवते. पण मग पाहावे, की टोपीचा काठ कोठे आवळतो? कानांच्या वर आणि मानेच्या बाजूला. आणि टक्कल पडलेल्या माणसाचे केस कोठे शिल्लक राहतात? नेमके तेथेच, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या पट्ट्यात. आवळण्याने टक्कल पडत असते तर चित्र उलटे दिसले असते.

दाबाने केस जाण्याची खरी उदाहरणे वैद्यकात आहेत, पण ती निराळी. कित्येक तास चाललेल्या शस्त्रक्रियेत डोके एकाच जागी टेकून राहिले, तर चार-पाच किलोच्या डोक्याचा भार मागच्या थोड्याशा त्वचेवर पडतो. हा भार ३० चौरस सेंटिमीटरवर धरला तर दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ग्रॅमच्या घरात जातो. अशा रुग्णांच्या डोक्यावर काही दिवसांनी तेवढीच चकती उघडी पडलेली आढळते.

मग पुरुषांना टक्कल पडते ते कशाने? या प्रश्नाचे पहिले पक्के उत्तर १९४२ मध्ये अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी दिले. वृषण काढून टाकलेल्या किंवा ज्यांच्यात ते कार्यक्षमच झाले नव्हते अशा पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला. वयात येण्यापूर्वी हे घडलेल्यांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. संप्रेरक थांबवल्यावर टकलाची पुढची वाटचाल थांबली. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, आनुवंशिक कल आणि पुरुष-संप्रेरक. नपुंसकांना टक्कल पडत नाही हे निरीक्षण ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवले होते. कारण कळायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

पुढील संशोधनातून यंत्रणा स्पष्ट झाली. शरीरातील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात करते. कपाळावरची आणि टाळूवरची केशमुळे आनुवंशिकतेने त्याला संवेदनशील असली, तर प्रत्येक चक्रात त्यांचा वाढीचा काळ आखूड होत जातो. केस बारीक, मऊ, फिकट होत होत अखेर लव उरते. यासाठी जबाबदार जनुकांपैकी एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे मुलाला आईकडून मिळणाऱ्या गुणसूत्रावर असते. "मामाकडं बघा, टक्कल कळंल" या बोलण्यात त्यामुळे थोडे तथ्य आहे, पण थोडेच. २०१७ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात टकलाशी संबंध असलेल्या अडीचशेहून अधिक जागा जनुकसंचात आढळल्या. वडिलांकडून आलेल्यांचा वाटाही त्यात मोठा आहे.

१९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आमच्या मते टोपीच्या बाजूने दिलेली निर्णायक साक्ष आहे. त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूची केसांसह त्वचा काढून टक्कल पडलेल्या जागी लावली. तेथे गेल्यावरही ते केस वाढतच राहिले. जागा तीच, वरची टोपी तीच, उन्हाची तिरीप तीच. बदलले होते फक्त केशमूल. टकलाचे बी डोक्याबाहेर नसून मुळातच असते, हे यातून सिद्ध झाले. आजचे केसरोपण याच तत्त्वावर चालते.

एक पुरावा तर आपल्या घरातच आहे. मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या बायांच्या डोक्यावरचा पदर ढळला नाही. दिवसाचे चौदा-पंधरा तास डोके झाकलेले, तेही उन्हात आणि चुलीपुढे. झाकण्याने टक्कल पडत असते तर गावागावांतल्या आज्या टकल्या दिसल्या असत्या. उतारवयात बायकांचे केसही विरळ होतात, पण आजोबांसारखे चकचकीत टक्कल आजीला क्वचितच. डोके जास्त झाकते कोण आणि टक्कल पडते कोणाला, एवढे पाहिले तरी पुरे.

असे असून ही समजूत इतकी चिवट का? खोटी समजूत टिकते तेव्हा तिच्यामागे बहुधा एखादे खरे निरीक्षण असते. गावातल्या पारावर बसलेल्या मंडळींकडे पाहा: टोपीवाल्यांत टक्कलवाले खरोखरच जास्त असतात. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. हे दाखवण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. या गावातील २०० पुरुषांपैकी १०० जण साठीच्या पुढचे आणि १०० जण तिशीच्या आतले. म्हाताऱ्यांपैकी ८० जण टोपी घालतात, २० जण घालत नाहीत. तरुणांत उलट: २० घालतात, ८० घालत नाहीत. आता असे धरा, की टोपीचा केसांवर काडीचाही परिणाम होत नाही आणि म्हाताऱ्यांत निम्म्यांना, तरुणांत दहांतील एकाला टक्कल असते.

टोपीवाल्या म्हाताऱ्यांत ४० जणांना टक्कल, टोपीवाल्या तरुणांत २ जणांना. म्हणजे १०० टोपीवाल्यांत ४२. बिनटोपीच्या म्हाताऱ्यांत १० आणि बिनटोपीच्या तरुणांत ८. म्हणजे १०० बिनटोपीवाल्यांत १८. पाहणाऱ्याला काय दिसेल? टोपीवाल्यांत टक्कल दुपटीहून जास्त! प्रत्यक्षात टोपी निर्दोष आहे. वय दोन्हीकडे लुडबूड करते आहे. वय वाढले की टोपी येते आणि वय वाढले की टक्कलही येते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते: टक्कल पडलेला माणूस ते झाकायला किंवा उन्हाचा चटका टाळायला टोपी घेतो. येथे टक्कल हे कारण आणि टोपी हा परिणाम! हे उदाहरण फळ्यावर मांडून, म्हातारे व तरुण वेगळे करून मुलांकडून टक्केवारी काढून घ्यावी. संख्याशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा दहा मिनिटांत होतो. प्रत्यक्ष गावात जाऊन टकले मोजण्याचा उपक्रम मात्र करू नये. कोणाच्या डोक्याकडे बोट दाखवून विज्ञान शिकवायचे नसते.

वय आणि आनुवंशिकता या दोन्हींची लुडबूड टाळण्याचा मार्ग म्हणजे एकरूप जुळ्यांचा अभ्यास. दोघांची जनुके सारखी, वय सारखे; मग एकाचे केस जास्त गेले तर कारण राहणीत शोधावे. २०१३ मध्ये अमेरिकेत ९२ एकरूप जुळ्या पुरुषांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ धूम्रपान आणि कोंडा यांचा संबंध पुढचे केस जास्त जाण्याशी दिसला. आणि रोज हॅट घालण्याचा? कानशिलावरचे केस कमी जाण्याशी! म्हणून कोणी टोपी हे औषध आहे असे समजू नये. एकाच वेळी अनेक घटक तपासले की एखाद-दुसरा योगायोगाने जमून येतो, आणि हॅटचा संबंध संख्याशास्त्राच्या उंबरठ्यावर जेमतेम टेकला होता. त्यातून एवढेच घ्यायचे, की टोपीविरुद्ध पुरावा शोधायला गेलेल्यांच्या हाती तो लागला नाही.

आता त्या सत्याच्या अंशाकडे येऊ. केस झाकल्याने जात नाहीत, पण सतत ओढल्याने जातात. याला ताणाने होणारी केसगळती म्हणता येईल. १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील स्त्रियांत तिचे वर्णन झाले. त्या केस डोक्याच्या वर घट्ट ओढून बांधत आणि त्यांच्या कपाळाची केसरेषा मागे सरकलेली असे. केसाची ताकद कमी नाही. एक निरोगी केस साधारण ६० ते १०० ग्रॅम वजन पेलतो. प्रयोगशाळेतील वजनांनी हे सहज करून पाहता येते. पण झटक्याने न तुटणारा केस वर्षानुवर्षांच्या हलक्या ओढीने मुळापासून सैल होतो. केशमुळाभोवती सूज येते, बारीक पुरळ उठते. या टप्प्यावर ताण काढला तर केस परत येतात. ताण तसाच राहिला तर केशमुळाच्या जागी व्रणपेशी भरतात आणि मग कोणत्याही तेलाने तेथे केस उगवत नाही.

नांदेडला गुरू गोबिंदसिंग यांचे १७०८ मध्ये निधन झाले. तेथील सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. शहरात पिढ्यानपिढ्या राहिलेली, मराठी बोलणारी शीख कुटुंबे आहेत आणि त्यांची मुले आपल्याच वर्गांत बसतात. शीख मुलगे आणि पुरुष यांच्यातील ताणाच्या केसगळतीवर वैद्यकीय नियतकालिकांतून गेल्या काही दशकांत लिहिले गेले आहे. लांब केस मागून-पुढून ओढून डोक्यावर घट्ट जुडा बांधला, की कपाळावरचे आणि कानशिलाजवळचे केस ताणले जातात. दाढी ओढून गाठ मारणाऱ्यांत हनुवटीखालीही असेच विरळपण दिसते. यात पगडीचा किंवा लहान मुलांच्या पटक्याचा दोष नाही. ताण असतो तो त्याखालच्या जुड्यात आणि गाठीत. केस राखणे हा श्रद्धेचा विषय आहे आणि त्याला येथे बाधा येण्याचे काही कारणही नाही. जुडा थोडा सैल बांधावा, त्याची जागा अधूनमधून बदलावी, रात्री केस मोकळे किंवा सैल ठेवावेत, ओले केस ताणून बांधू नयेत. ओला केस जास्त ताणला जातो आणि त्याची ताकदही कमी झालेली असते. शिक्षकाला एखाद्या मुलाच्या कपाळावर केसरेषा मागे गेलेली आणि अगदी कडेला बारीक केसांची झालर तेवढी उरलेली दिसली, तर पालकांना एकदा सांगावे. वेळेत सांगितले तर उपयोग होतो.

हे फक्त शीख मुलांपुरते नाही. किनवट-मुखेडकडच्या तांड्यांवर जुन्या वळणाच्या बंजारा स्त्रिया कानशिलावरच्या केसांत घुगरी-टोपलीसारखे चांदीचे जड दागिने घालतात. त्यांचा सगळा भार तेवढ्याच केसांवर येतो. आणि आपल्या शाळांतील मुली? घट्ट दोन वेण्या, वर बांधलेल्या लाल रिबिनी, प्रार्थनेच्या वेळी केसांची तपासणी. एक बट सुटली म्हणून मुलीला रांगेतून बाहेर काढणाऱ्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत. केस नीटनेटके असावेत हे ठीक, पण कपाळाची कातडी ताणली जाईल अशी वेणी घालण्याची सक्ती कशासाठी? मुलगी "डोकं ठणकतंय" म्हणते तेव्हा ती केशमुळांची तक्रार असते. टोपीला दोष देणाऱ्या समाजाचे या वेण्यांकडे लक्ष गेलेले नाही, हे नवलच म्हटले पाहिजे.

टोपीच्या काही किरकोळ गुन्ह्यांची नोंदही केली पाहिजे. घामाने भिजलेली, आठवडाभर न धुतलेली टोपी किंवा हेल्मेटचे अस्तर डोक्याला खाज आणते आणि कोंडा वाढवते. नायट्याची बुरशी, उवा आणि लिखा एकमेकांच्या टोप्यांतून व कंगव्यांतून पसरू शकतात. डोक्यावरचा नायटा प्रामुख्याने लहान मुलांना होतो, त्यात केस तुटून खवलेदार चट्टे पडतात आणि त्यावर पोटात घेण्याचे औषध लागते. नुसते मलम पुरत नाही. चाई मात्र वेगळी. तीत रुपयाएवढी गुळगुळीत, स्वच्छ चकती उघडी पडते. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच केशमुळांवर हल्ला करते म्हणून ती होते, टोपीतून ती पसरत नाही. चाई पडलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही.

लातूरला शिकवणीसाठी घर सोडून आलेली मुले टोपीऐवजी बोअरच्या पाण्यावर खापर फोडतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात पाण्याविषयी संशय असणे स्वाभाविक आहे. जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका धरतात. केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. पण तो केसाच्या निर्जीव भागावरचा परिणाम आहे, मुळापर्यंत तो जात नाही. या वयात केस अचानक मूठभर येऊ लागले तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवावे: डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड झाला होता का, जेवणाची आबाळ झाली का, वजन एकदम उतरले का? मोठ्या तापाने किंवा धक्क्याने असंख्य केशमुळे एकदमच विश्रांतीला जातात आणि विश्रांतीचा काळ संपला की सगळे केस एकदम गळतात. २०२०-२१ मधील कोविडच्या लाटांनंतर असंख्य घरांनी हे अनुभवले. बाळंतपणानंतरही असेच होते. असे केस बहुधा आपोआप परत येतात. मधल्या काळात विकत घेतलेल्या तेलाला त्याचे श्रेय मिळते, ही गोष्ट वेगळी.

केसगळतीचे कारण शोधायचे कसे, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक, काही दिवसांतच हातात येऊ लागले. पुरुष, बायका, मुले सगळ्यांचेच. टोपी घालणारे आणि न घालणारे असा भेद त्यात नव्हता. प्रथम बुरशीचा संशय आला, मग पाण्यातील नायट्रेटचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, रक्ताचे आणि केसांचे नमुने घेतले गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यात असलेले, मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या नमुन्यांत आणि ते खात असलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार वाढल्याचे दाखवले. सेलेनियम शरीराला अत्यल्प लागते. जास्त झाले की केस आणि नखे गळतात. पंजाबच्या काही भागांतील माती सेलेनियमयुक्त असल्याचे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते, आणि चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकात अशीच साथ येऊन गेली होती. इतक्या लोकांत समान काय आहे, असा प्रश्न विचारल्यावर बोट धान्याकडे गेले.

हेल्मेटबद्दल दोन गोष्टी. २००८ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार दुचाकीच्या अपघातात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार ते बंधनकारक आहे. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला त्यातून सूट आहे. केसांची काळजी असेल तर आत पातळ सुती रुमाल बांधावा, तो रोज धुवावा, हेल्मेट आपल्या मापाचे घ्यावे आणि काढताना केस ओढले जातील असे खसकन ओढू नये. उन्हाळ्यात शाळा सुटताना मुलांच्या डोक्यावर टोपी, रुमाल, उपरणे काहीही असले तरी चालेल. पांढरे आणि सैल असले तर उत्तम.

ज्या विद्यार्थ्यांना स्वतः पडताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक छोटा प्रयोग. एक आठवडा नेहमीसारखी टोपी घालावी, एक आठवडा घालू नये. दोन्ही आठवडे रोज सकाळी उशीवरचे, कंगव्यातले आणि असल्यास टोपीतले केस पांढऱ्या कागदावर गोळा करून मोजावेत. मोजून झाले की प्रत्येक केसाचे टोक भिंगाखाली पाहावे. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्यासारखा फुगीर गड्डा असेल तर तो केस विश्रांती संपवून आपल्या वेळेला गळाला आहे. गड्डा नसेल तर तो मध्येच तुटला आहे, आणि त्याचे कारण ओढण्यात, घासण्यात किंवा विंचरण्यात शोधावे. दोन्ही प्रकारांचे रकाने वहीत वेगळे ठेवावेत. डोके धुतलेल्या दिवशी आकडा एकदम वाढतो, कारण आदल्या दिवसांचे सुटलेले केसही त्या वेळी बाहेर येतात. तो दिवस तांबड्या शाईने वेगळा नोंदवावा आणि दोन्ही आठवड्यांत डोके सारख्याच वेळा धुवावे.